गाभण डुकरीण आणि गवताचा भारा



आज कपाशीचं नाही, केळीचंही नाही. आज जरा जुनं लिहितो.

आमच्या शेडमध्ये फळीवर एक वही असते. कोणती मादी कधी भरवली, कधी व्याली, किती पिल्लं झाली, किती जगली, एवढंच तिच्यात लिहितो. त्या वहीचं पहिलं पान असं आहे: "१० जानेवारी, भरवली. ४ मे, व्याली. पिल्लं ११. जगली ४."

मधली सात कुठे गेली ते पानावर लिहिलेलं नाही. तेव्हा लिहायची लाज वाटली होती. आज लिहितो.

आमचं गाव तापीकाठचं, अमळनेर आणि शिरपूरच्या मधलं. जमीन साडेचार एकर. दोन वर्षं बोंडअळीने कपाशी खाल्ली, तेव्हा जोडधंदा म्हणून वराहपालन करायचं ठरवलं. घरात आधी दोन महिने भांडण झालं. आई म्हणाली, शेळ्या पाळ, म्हैस घे, पण हे जनावर दारात नको. भाऊबंद हसले. मी प्रशिक्षण घेतलं, कर्ज काढलं, पांढऱ्या यॉर्कशायर जातीच्या दोन माद्या आणि एक नर आणला. शेड पक्कं बांधलं. खाली सिमेंटचा गुळगुळीत कोबा, रोज पाण्याने धुवायचा. एका सल्लागाराने सांगितलं होतं की गवत-भुसा काही टाकू नका, घाण होते, कोबा कोरडा ठेवा. मी ऐकलं.

३ मेच्या दुपारपासून मादी बेचैन झाली. पुढच्या पायांनी कोबा खरवडायची, फाटकाचा लोखंडी गज चावायची, गोल फिरायची, पुन्हा खरवडायची. बाहेर आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन. मला वाटलं तिला उष्णतेचा त्रास होतोय. पाणी मारलं. रात्री ती व्याली. पहिली दोन पिल्लं आली तोवर ती तीनदा उठली-बसली. प्रत्येक वेळी धपकन अंग टाकायची. सकाळपर्यंत चार पिल्लं तिच्याच अंगाखाली दबून मेली. पुढच्या तीन दिवसांत अजून एक दबलं. दोन फिक्की पडत गेली, धापा टाकू लागली आणि तिसऱ्या आठवड्यात गेली.

आमच्या गावाच्या नाल्यापलीकडे एक वस्ती आहे. तिथल्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या डुकरं पाळतात. तिथल्या एक आजी पाचव्या दिवशी रस्त्याने जाता जाता थांबल्या. कुणाकडून तरी कळलं असावं. कठड्याबाहेरूनच बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, ती घर मागत होती. तुम्ही तिला फरशी दिली."

मी म्हटलं, "म्हणजे काय आजी?"

"गवताचा एक भारा टाकला असता तर पोरं वाचली असती. डुकरीण गवत तोंडात धरून फिरायला लागली की समजायचं, आज रात्री नाहीतर उद्या. आमच्या डुकरीणी नाल्याच्या काटवनात जाऊन आपलं आपण करून घेतात. तुमची कुठे जाणार? दार बंद."

त्या एवढं बोलून निघून गेल्या. मी शेड बांधलं, कर्ज काढलं, तीन पुस्तकं वाचली, दोन वेळा तालुक्याला गेलो. आमच्या घरापासून चारशे पावलांवर राहणाऱ्या आजींना मात्र विचारलं नाही. का नाही विचारलं, याचाच हा इतिहास आहे.

देवळात वराह, वेशीबाहेर डुक्कर

डुक्कर आपल्याकडे कालपरवा आलेलं नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं ते गाव. तिथे बैल, शेळी-मेंढीच्या हाडांबरोबर डुकराचीही हाडं निघाली. आपल्या खानदेशातही त्या काळच्या शेतकऱ्यांच्या वसाहती होत्या: चाळीसगाव तालुक्यातलं बहाळ, साक्री तालुक्यातलं कावठे, तापीकाठचं प्रकाशे. म्हणजे नदीकाठची काळी जमीन, ज्वारी-बाजरी, गुरं असा आपला जो संसार आहे, त्याची सुरुवात झाली तेव्हा डुक्करही महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या अंगणात होतं.

नागपूरजवळ रामटेकच्या डोंगरावर वाकाटकांच्या काळातला, दीड हजार वर्षांपूर्वीचा दगडी वराह आहे. अर्धा माणूस अर्धा वराह नाही, अख्खा चार पायांचा. लोक त्याच्या पोटाखालून सरपटत जातात. देवळातल्या दगडाच्या पोटाखालून जायला आपल्याला पुण्य वाटतं. खऱ्या जनावराची सावली पडली तरी नाक मुरडतो. आणि जनावरापेक्षा वाईट म्हणजे, ते पाळणाऱ्या माणसाकडेही तसंच बघतो.

महाराष्ट्रात हे जनावर सांभाळलं ते मुख्यतः कैकाडी, वडार अशा समाजांनी. कैकाडी टोपल्या विणायचे, वडार दगड फोडायचे, माती वाहायचे. पोट फिरतीवर. त्यांना जमीन नव्हती, गोठा नव्हता, चाऱ्याचं शेत नव्हतं. डुक्कर हे असं एकच जनावर की जे गावाने टाकलेल्यावर जगतं आणि एका वेताला पाच-सात पिल्लं देतं. आजारपण, लग्न, पावसाळ्यातली उपासमार, काहीही आलं की एक विकायचं. आपल्याकडे बायकांच्या अंगावरचं सोनं जे काम करतं, ते काम तिथे डुकरीण करायची.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ मध्ये तो नव्याने करून मुंबई इलाख्यालाही लावला. कैकाड्यांसारख्या जमातींची नावं त्यात चढली. सोलापूरला तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत होती. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून ते लोक ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या माणसाच्या हातात काही विद्या आहे, त्याला एखाद्या जनावराची नाडी कळते, असं कोण म्हणणार? १८८० मध्ये छापलेलं खानदेश गॅझेटियर असो की नंतरची जाती-जमातींची जाडजूड पुस्तकं असोत, अशा पुस्तकांचा रोख जात कोणती, धंदा कोणता, महसूल किती यावर. डुकरीण कधी व्यायची ते वस्तीवरची बाई कशावरून ओळखते, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

तुमच्यापैकी पुष्कळांनी 'फँड्री' पिक्चर बघितला असेल, २०१३ चा, नागराज मंजुळेंचा. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. त्यात सगळं गाव बघत असताना ते घर डुक्कर पकडतं, तो भाग आठवा. मी तो टीव्हीवर बघितला तेव्हा माझ्याकडे डुकरं नव्हती. नंतर पुन्हा बघितला तेव्हा कळलं की बघून हसणाऱ्या गावात मी पण होतो.

काटवनातलं बाळंतपण

आता जनावराकडे येतो.

डुकरीणीचे दिवस ११४. लक्षात ठेवायला सोपं: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. दोन-तीन दिवस पुढेमागे. गाय-म्हैस एक वासरू घालते, ते तासाभरात उभं राहतं. डुकरीणीचं तसं नाही. पिल्लं आठ, दहा, बारा. प्रत्येक किलो-सव्वा किलोचं. अंगावर चरबी नाही, केस जवळजवळ नाहीत. आईचं वजन दीडशे-दोनशे किलो. म्हणजे आईपासूनच पिल्लाला धोका आणि आईच्या उबेशिवाय पिल्लाचं मरण. या अडचणीवर निसर्गाने तोडगा काढला आहे तो म्हणजे घरटं. खूर असलेल्या जनावरांत असं घरटं बांधणारं डुकरासारखं दुसरं क्वचितच.

सातपुड्याच्या पायथ्याला ज्यांची शेती आहे त्यांनी रानडुकरीणीचं घरटं कधीतरी पाहिलं असेल. रानडुकरांनी आपल्या मक्याचं, भुईमुगाचं काय वाटोळं केलंय ते वेगळं सांगायला नको. पण एकदा मक्याच्या बांधाला मी गवताचा ढीग पाहिला. कुणीतरी कापून ठेवल्यासारखा, कमरेइतका. जवळ गेलो तर आतून हुंकार आला. मी मागच्या मागे पळालो. ती विणार होती. दातांनी गवत तोडून, खड्डा उकरून, वरून आच्छादन करून ती आत शिरली होती.

गावठी काळी डुकरीणही तेच करते. आजी सांगतात, व्यायच्या आदल्या दिवशी ती कळपातून बाजूला होते. वेड्या बाभळीच्या जाळीत, नाल्याच्या वळणाला जागा शोधते. पायाने खड्डा करते. तोंडाने गवत, पाला, चिंध्या, कागद, जे मिळेल ते आणते. मग आत पडून राहते आणि शांतपणे विते. वस्तीवरचे लोक चार-पाच दिवस तिकडे फिरकत नाहीत. लांबून थोडं खाणं ठेवतात. आठ-दहा दिवसांनी ती पिल्लं घेऊन आपोआप घरी येते. पिल्लं कमी, पण दबून मरणारी थोडीच, कारण खड्ड्याच्या कडेला पिल्लू सरकतं, खाली गवताची गादी असते आणि आई दमून शांत झालेली असते.

ही व्यवस्था फुकट होती. तिला चार गोष्टी लागायच्या: जागा, गवत, माती आणि एकांत.

पांढरी डुकरीण आली आणि चारही गोष्टी गेल्या

पांढऱ्या यॉर्कशायरची जात कुणा राजाने किंवा सरकारी फार्मने घडवली असं मला वाटायचं. माझी मुलगी कृषी पदविका करते, तिने शोधून सांगितलं तेव्हा उलटंच निघालं. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात कीली नावाचं गिरण्यांचं गाव. तिथला जोसेफ टुली हा विणकर. मागावर काम करायचा आणि परड्यात डुकरं पाळायचा. १८५१ साली विंडसरच्या शाही कृषी प्रदर्शनात त्याने आपली मोठी पांढरी डुकरं नेली आणि लोक बघतच राहिले. १८६८ मध्ये तिला वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे जगभर गेलेली ही जात मुळात एका हातावर पोट असलेल्या माणसाच्या परड्यातली. आपला टोपलीवाला आणि तो मागवाला यांच्यात फरक एवढाच, की त्याला प्रदर्शनात उभं राहू दिलं.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर सरकारने पंचवार्षिक योजनांमध्ये वराहपालन घेतलं. उत्तर प्रदेशात अलीगढ, बंगालात हरिणघाटा, आंध्रात गन्नवरम आणि आपल्या मुंबईत बोरिवली इथे डुकराच्या मांसाचे सरकारी कारखाने आणि पैदास केंद्रं निघाली. १९७०-७१ पासून अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला: इज्जतनगर, जबलपूर, तिरुपती आणि आसामातलं खानापारा. गावठीवर पांढऱ्याचा संकर करायचा, वजन वाढवायचं, पिल्लं वाढवायची. काम चांगलं झालं. पिल्लू सहा ते आठ महिन्यांत विकायला येऊ लागलं. गावठीला त्याहून खूप जास्त वेळ लागायचा.

पण पांढरी डुकरीण उकिरड्यावर सोडता येत नाही. ऊन लागतं, रोग लागतो. तिला शेड पाहिजे. शेड आलं म्हणजे कोबा आला. कोबा आला म्हणजे माती गेली. रोज धुवायचं म्हणून गवत गेलं. दहा बाय आठच्या खोलीत जागा गेली. शेजारी दुसऱ्या माद्या, माणसांची ये-जा, त्यामुळे एकांत गेला. जात बदलली, वजन वाढलं, पिल्लं वाढली. पण तिच्या पोटातलं घड्याळ तेच राहिलं. व्यायच्या आदल्या दिवशी ती खरवडणारच. खाली कोबा असला तरी.

शास्त्राने एकेक गोष्ट कशी परत दिली

पुढचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे काढून घेतलेलं थोडं थोडं परत देण्याचा इतिहास आहे. मला तरी तो असाच दिसतो.

पहिली परत आली माती. शेडमध्ये वाढलेली पिल्लं तिसऱ्या आठवड्यात पांढरीफटक पडून मरायची, बाहेर फिरणारी मरायची नाहीत. १९२३-२४ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये मॅकगोवन आणि क्रिक्टन यांनी दाखवलं की हा लोहाचा अभाव आहे. पिल्लू जन्मतं तेव्हा अंगात जेमतेम ५० मिलिग्रॅम लोह. रोजची गरज ७ मिलिग्रॅमच्या आसपास. आईच्या दुधातून मिळतं फक्त १. हिशोब करा, आठवडा-दहा दिवसांत खजिना रिकामा. रानातलं पिल्लू माती चाटून ते भरून काढतं. म्हणून पूर्वी तिकडचे शेतकरी शेडमध्ये मातीची ढेकळं टाकायचे. १९५० च्या दशकात लोहाचं इंजेक्शन आलं. आज आपण तिसऱ्या दिवशी जे टोचतो ते इंजेक्शन म्हणजे सुईत भरलेली माती आहे. माझी शेवटची दोन पिल्लं याच्यामुळे गेली. मी इंजेक्शन दिलं नव्हतं आणि मातीही दिली नव्हती.

दुसरी गोष्ट जागा. ती नीट परत आलीच नाही. पिल्लं दबू नयेत म्हणून आधी भिंतीलगत पाइपाचा कठडा आला, तो चांगला. मग साठच्या दशकापासून परदेशात लोखंडी पिंजरा पसरला. त्यात डुकरीण उभी राहते, बसते, पण वळू शकत नाही. दबून मरणारी पिल्लं कमी झाली हे खरं. पण ज्या वेळी तिला सगळ्यात जास्त फिरायचं असतं त्याच वेळी तिला जखडलं.

मग एडिंबरा इथे स्टोल्बा आणि वुड-गश या दोघांनी साधं काम केलं. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी शेडमधल्या पांढऱ्या डुकरांना टेकडीवर सोडलं. झाडी, ओढा, चिखल, सगळं होतं. आणि हे लोक बसून बघत राहिले. कित्येक पिढ्या शेडमध्ये काढलेल्या माद्या व्यायच्या वेळी कळपापासून दूर गेल्या, खड्डा केला, गवत-काटक्या आणल्या आणि रानडुकरीणीसारखं घरटं बांधलं. कुणी शिकवलं नव्हतं. पुढे फिनलंडमधल्या अभ्यासात दिसलं की मोकळ्या खोलीत पेंढा मिळालेली डुकरीण पिंजऱ्यातल्यापेक्षा लवकर मोकळी होते. स्वीडनने १९८८ च्या कायद्याने व्यायला पिंजरा वापरणं बंद केलं.

मुलीने हे सगळं वाचून सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, "बेटा, हे तर आजींनी कठड्याबाहेरून बघून सांगितलं होतं." ती म्हणाली, "हो बाबा, पण त्या लोकांनी मोजलं." तिचंही बरोबर आहे. मोजल्याशिवाय पटत नाही. पण मोजायला सुरुवात करायची तरी आधी बघावं लागतं, आणि आजी साठ वर्षं बघत होत्या.

आमच्याकडे आता काय करतो

इतिहास सांगून मोकळं व्हायचं नाही. कामाचं लिहितो. औषध-इंजेक्शन आपल्या पशुवैद्यकाला विचारूनच.

१. वेळ धरणे. माझी पहिली चूक १० जानेवारीला झाली, ४ मेला नाही. खानदेशात मे महिन्यात पांढरी डुकरीण व्यायला लावणं म्हणजे तिला तव्यावर बसवणं. मादी १ ऑगस्टला भरवली तर २३ नोव्हेंबरच्या आसपास विते. आम्ही आता ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच भरवतो. दुसरं वेत उन्हात येऊ लागलं तर एक माज सोडतो. महिना वाया जातो, पिल्लं वाया जात नाहीत.

२. खाणं. गाभण मादीला दोन-अडीच किलो खुराक पुरतो. शेवटच्या महिन्यात थोडा वाढवतो. जास्त माजलेली मादी जड विते. आपल्या भागासाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. सरकीची ढेप गुरांना घालतो तशी डुकरांना घालू नका, तिच्यातलं गॉसिपॉल त्यांना सोसत नाही. आणि पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका गाभण मादीला अजिबात नको. गाभडण्याचं ते एक कारण आहे.

३. खोली. व्यायच्या दहा दिवस आधी मादीला स्वतंत्र खोलीत नेतो. त्याआधी खोली धुऊन, चुना मारून वाळवतो. जंताचं औषध दोन आठवडे आधी. मादीचं अंग आणि कास कोमट पाण्याने धुतो.

४. कठडा. भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर पाइप. मादी भिंतीला टेकून घसरली तरी मागे पिल्लाला जागा राहते.

५. गवताचा भारा. ११० व्या दिवसापासून खोलीत भारा टाकतो. गव्हाचा भुसा, ज्वारीच्या कडब्याची हातभर तोडलेली ताटं, केळीची वाळलेली पानं. केळीची पानं आपल्याकडे फुकट आहेत आणि मादीला फार आवडतात. कोरडी पाहिजेत, बुरशी नको. मी पसरवत नाही. कोपऱ्यात ठेवतो. पसरवायचं काम तिचं. ती तोंडाने उचलून नेते, पायाने ओढते, पाच-सहा तास तिचं चाललेलं असतं. मग दमून पडते. सडांतून चिकाचे थेंब यायला लागले की रात्र जागायची.

६. एकांत. खोलीला पोत्याचा पडदा. बघ्यांना बंदी. पाहुणे, पोरं, मोबाइलवाले कुणी नाही. मी एकटा बसतो, तिच्या ओळखीचा.

७. पहिला तास. पिल्लू पुसायचं, नाळ बांधून आयोडीन लावायचं, सडाला लावायचं. डुकरीणीच्या पोटात असताना पिल्लाला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातूनच मिळते आणि पहिल्या दिवसातच. अशक्त पिल्लू पुढच्या सडांना लावायचं, तिथे दूध बरं असतं.

८. ऊब. थंडीत पिल्लांच्या कोपऱ्यात बल्ब. पिल्लाला ३२-३४ अंश लागतात, आईला वीसच्या आसपास बरं वाटतं. म्हणून ऊब कोपऱ्यालाच, सगळ्या खोलीला नाही. पिल्लं बल्बकडे सरकली की आईच्या अंगाखालून सुटली.

९. लोह तिसऱ्या दिवशी. आणि व्यालेल्या मादीपुढे पाणी सतत. दिवसाला वीस-तीस लिटर पिते.

वहीचं दुसरं पान

दुसऱ्या वेताला मी आजींना बोलावलं. खरं म्हणजे मी गेलो त्यांच्या दारी. पहिल्यांदा त्या वस्तीत चहा प्यालो. आई दोन दिवस बोलली नाही. आजी आल्या, खोली बघितली, पडदा स्वतः बांधला. गवत एका कोपऱ्यात ठेवायचं हे त्यांनीच सांगितलं. मादीने रात्रभर घर केलं आणि पहाटे व्याली. वहीत लिहिलं आहे: "पिल्लं १०. जगली ९." एक मेलेलंच जन्मलं होतं.

सगळ्या वेतांना असा हिशोब आला असं नाही. एका वेताला आठातली पाच राहिली, तेव्हा थंडी होती आणि लाइट गेली होती. पण दबून मेलेलं पिल्लू आता वर्षातून एखाद-दुसरं.

आजी गेल्या त्याला तीन वर्षं झाली. त्यांची नातवंडं सुरतेला गेली. वस्तीवर आता दोन-तीन घरांतच डुकरं आहेत. नगरपालिका पकडून नेतात, लोक तक्रारी करतात, आणि उकिरड्यावरच्या डुकराचा त्रास होतो हेही खोटं नाही. देशातच डुकरं घटली आहेत. २०१९ च्या पशुगणनेत ९० लाखांच्या आसपास भरली, २०१२ पेक्षा १२ टक्के कमी. त्यानंतर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमार्गे आफ्रिकन स्वाइन फीवर देशात आला. त्यावर आपल्याकडे इलाज नाही. हॉटेलचं उष्टं न उकळता घालणं आणि बाहेरचं डुक्कर तपासल्याशिवाय कळपात घेणं, ही दोन दारं बंद ठेवणं एवढंच हातात आहे.

एक चांगली गोष्ट शेजारच्या गोव्यात झाली. काणकोण तालुक्यातल्या आगोंद गावाच्या नावाने तिथल्या काळ्या गावठी डुकराची 'आगोंदा गोअन' अशी राष्ट्रीय पातळीवर जात म्हणून नोंद झाली. घराच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी पाळलेलं जनावर ते, त्याला सरकारदरबारी नाव मिळालं. आपल्या तापी-गिरणेच्या काठच्या काळ्या डुकराला नाव मिळेपर्यंत ते राहील की नाही, सांगता येत नाही. त्याच्याबरोबर ते सांभाळणाऱ्यांची विद्याही जाईल.

कृषी सहाय्यक, पशुधन पर्यवेक्षक साहेब मंडळी हे पान वाचतात. त्यांना हात जोडून एक विनंती. पुढचं प्रशिक्षण ठेवाल तेव्हा एक खुर्ची नाल्यापलीकडच्या वस्तीवरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला द्या. शिकायला नाही, शिकवायला.

आणि शेतकरी भावांनो, तुमची डुकरीण कोबा खरवडायला लागली तर पाणी मारू नका. गवताचा भारा आणा.

आमची तिसरी मादी २६ नोव्हेंबरला विणार आहे. केळीची पानं आजच वाळत घातली.